इंद्रायणीत बुडालेली कर्जखते

पिंपरी-चिंचवडच्या उत्तर सीमेवरून इंद्रायणी वाहते. नदीच्या एका अंगाला तळवडे, भोसरीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला चाकणची औद्योगिक वसाहत आणि या दोहोंच्या मध्ये देहू. पाळी संपवून घरी निघालेला कामगार या परिसरातून जाताना भंडारा डोंगर सहज पाहतो. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी याच डोंगरावर देहूचा एक वाणी एकांत शोधत जात असे. तो पुढे मराठीचा सर्वांत मोठा कवी ठरला. परंतु कवी होण्याआधी त्याने काय केले, याची आठवण ठेवणेही तितकेच अगत्याचे आहे.

तुकोबांचा जन्म परंपरेने १६०८ चा मानला जातो. अभ्यासकांत त्याविषयी मतभेद आहेत. घराणे मोऱ्यांचे, आडनाव अंबिले. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. जातीने कुणबी असलेल्या या घराकडे देहूच्या पेठेची महाजनकी होती. शेती, दुकान आणि सावकारीही होती. पूर्वज विश्वंभरबुवांनी गावात विठ्ठलाची स्थापना केली होती. घरात पंढरीची वारी होती आणि पैसाही होता. सावजींचे मन प्रपंचात रमेना, म्हणून कोवळ्या वयातच व्यवहाराचा भार तुकोबांच्या खांद्यावर आला.

त्यानंतर काही वर्षांतच आईवडिलांचे छत्र हरपले. वहिनी गेल्या आणि सावजी तीर्थाटनास निघून गेले. १६३० मध्ये पावसाने दगा दिला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस पडली. तुकोबांचे दिवाळे निघाले, गुरे गेली, पत गेली. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून दगावली; पाठोपाठ मुलगा संताजी गेला. धान्याचा व्यापार ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्याच घरात अन्नान्नदशा यावी, याची लाज तुकोबांनी पुढे आपल्या आत्मपर अभंगांत मोकळेपणाने सांगितली आहे.

दुष्काळ सरल्यावर कोणत्याही व्यापाऱ्याने काय केले असते? येणे वसूल करून पुन्हा दुकान मांडले असते. कुळांची खते घरात होतीच. तुकोबांनी मात्र त्यांचे दोन वाटे केले, असे परंपरा सांगते. निम्मी खते त्यांनी कान्होबांच्या हाती दिली, कारण धाकट्या भावाच्या हक्काचे दान करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे ते जाणत होते. आपल्या वाट्याची निम्मी त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. ज्यांच्याकडून येणे होते, ती माणसे त्याच दुष्काळात होरपळली होती. आपल्या दुःखातून त्यांना दुसऱ्याचे दुःख कळले आणि हिशेब तेथेच मिटला.

यानंतरचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. विठ्ठलाचे पडझड झालेले देऊळ त्यांनी प्रथम दुरुस्त केले. महिपतींच्या चरित्रानुसार भिंतींसाठी मातीही त्यांनी स्वतःच मळली. मग पूर्वसूरींची वचने आदराने पाठ केली. कीर्तनकारांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. परोपकार जमेल तेवढा केला, त्यात शरीर झिजविले. हे सारे झाल्यावर स्वप्नात विठ्ठलासह आलेल्या नामदेवांनी कवित्वाची आज्ञा केली, असे ते स्वतःच सांगतात. म्हणजे आधी देणे, मग ऐकणे आणि सर्वांत शेवटी लिहिणे. नाव झाल्यावर, पैसा आल्यावर समाजाचे ऋण फेडू, असे म्हणणाऱ्या नवलेखकाने या क्रमाचा विचार जरूर करावा.

मात्र या दातृत्वाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या गुळव्यांच्या घरातून आलेल्या दुसऱ्या पत्नी जिजाबाई, म्हणजेच आवली, यांना नंतरच्या कथाकारांनी कजाग ठरविले. वस्तुतः खते बुडविल्यानंतरही घरात लेकरे होती आणि चूल त्यांनाच पेटवायची होती. भांडवल उभे करून त्यांनी पतीला व्यापाराला धाडावे आणि वाटेत एखादा कर्जाने गांजलेला भेटताच तुकोबांनी सारे त्याला देऊन रिकाम्या हाती परतावे, अशा कथा महिपतींनी नोंदविल्या आहेत. डोंगरावर बसलेल्या पतीसाठी भाकरी घेऊन जाणारी स्त्रीही जिजाबाईच होती. त्यांची तक्रार तुकोबांनी अभंगांतून लपविली नाही. देणाऱ्याच्या घरालाही पोट असते, हे सत्य त्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचले.

तुकोबांना स्वतःला काय मिळाले? शूद्राने वेदार्थ सांगितला म्हणून वाघोलीचे रामेश्वर भट्ट खवळले आणि अभंगांच्या वह्या त्याच इंद्रायणीत बुडाल्या. तुकोबांनी तेरा दिवस नदीकाठी उपोषण केले. वह्या तरल्या, अशी श्रद्धा आहे. रामेश्वर भट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले, ही परंपराही प्रसिद्ध आहे. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केल्याची आख्यायिकाही घरोघरी सांगितली जाते.

त्यांना मदत लाभली ती सामान्यांची. चाकणचे संताजी जगनाडे तेलाचा व्यवसाय करीत. त्यांनी तुकोबांचे अभंग उतरवून ठेवले. घाण्यावर राबणाऱ्या हातांनी केलेले हे शब्ददान नसते, तर मराठी भाषा किती दरिद्री राहिली असती, याची कल्पनाच केलेली बरी. संताजींची समाधी जवळच सुदुंबरे येथे आहे. पुढे मुंबई सरकारने चोवीस हजार रुपयांचे साहाय्य दिले आणि १८६९ ते १८७३ या काळात गाथा दोन भागांत छापली गेली. राजाश्रयापासून दूर राहिलेल्या कवीचे शब्द अशा रीतीने सार्वजनिक पैशातून लोकांच्या हाती आले.

फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबांचे निर्याण झाले. वर्ष कोणी १६४९, तर कोणी १६५० मानतात. १६८५ मध्ये त्यांचे पुत्र नारायणबाबा यांनी पालखी सोहळा सुरू केला. देहूतून निघालेली पालखी आजही आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्या दिवशी उद्योगनगरीतले कामगार, दुकानदार, गृहिणी रस्त्यावर उभे राहून वारकऱ्यांना पाणी देतात, जेवण देतात, पाय चेपून देतात. पावती कोणी मागत नाही.

ज्या इंद्रायणीने खते आणि वह्या दोन्ही पोटात घेतल्या, तिच्या पाण्यावर आता अनेकदा प्रदूषणाचा फेस तरंगतो. तुकोबांचे देणे फेडायचे, तर नदीपासून आरंभ करता येईल.