गामाची तालीम

'तालीम' हा शब्द तुम्हांला चांगला माहीत आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. हा शब्द मराठीतही आहे, पण येथे त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे. कोल्हापूरला जा आणि तालीम कोठे आहे, असे कोणालाही विचारा. तो तुम्हांला शाळेचा रस्ता दाखवणार नाही. जेथे तांबड्या मातीत कुस्ती शिकवतात, तेथे तो तुम्हांला घेऊन जाईल. तेथे शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. हा वस्ताद म्हणजे तुमचा उस्तादच!

आज आपण अशा एका माणसाची ओळख करून घेणार आहोत, ज्याच्या आयुष्यात तालीम या शब्दाचे हे दोन्ही अर्थ एक झाले होते. त्याचे नाव गुलाम मोहम्मद. जग त्याला गामा पैलवान म्हणून ओळखते.

गामाचा जन्म १८७८ साली झाला. त्याचे घराणे मूळचे काश्मिरी, पण पंजाबात स्थायिक झालेले. वडील अजीज बक्ष नामांकित पैलवान होते. गामा लहान असतानाच वडील वारले. मग आईचे वडील नून पैलवान यांनी नातवाला सांभाळले. पुढे तेही गेले, तेव्हा मामा इदा पैलवान यांनी त्याला आखाड्यात उतरवले. बापाचे नाव या मुलाने चालवावे, अशी सर्वांची इच्छा होती.

खरे सांगायचे तर गामाने कुस्ती निवडली, असे म्हणता येत नाही. घरच्यांनीच ती त्याच्यासाठी निवडली होती. पण दहाव्या वर्षी जे घडले, ते मात्र त्याचे स्वतःचे होते.

१८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा ठेवली होती. तुम्ही कधी बैठका काढल्या आहेत का? पन्नास काढल्या, तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय लटपटतात. या स्पर्धेला चारशेहून अधिक पैलवान आले होते. एकेक गडी थकून बाजूला होऊ लागला. शेवटी पंधराच राहिले आणि त्यांत दहा वर्षांचा गामा होता! त्याचे वय पाहून महाराजांनी त्यालाच विजयी ठरवले. त्यानंतर कित्येक दिवस हा मुलगा अंथरुणावरून उठू शकला नाही, असे सांगतात. पण उठला, तो पुन्हा आखाड्यातच गेला. झाशीजवळच्या दतिया संस्थानाच्या महाराजांनी त्याला आश्रय दिला आणि त्याच्या खुराकाची सोय झाली.

त्या काळी गुजरांवाल्याचे रहीम बक्ष सुलतानीवाला हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठे पैलवान मानले जात. त्यांची उंची जवळजवळ सात फूट. गामाची उंची पाच फूट सात-आठ इंच. १८९५ साली सतरा वर्षांच्या गामाने त्यांना आव्हान दिले. लोक हसले असतील. पण कुस्ती बराच वेळ चालली आणि बरोबरीत सुटली. त्या दिवसापासून गामाचे नाव देशभर झाले.

१९१० साली गामा आपले धाकटे भाऊ इमाम बक्ष यांच्यासह लंडनला गेले. तेथे मोठमोठे पैलवान जमणार होते. पण गामांची उंची कमी, म्हणून त्यांना स्पर्धेत प्रवेश मिळाला नाही! मग त्यांनी जाहीर आव्हान दिले. कोणत्याही वजनाचे कोणतेही तीन पैलवान येऊ द्या, अर्ध्या तासात तिघांनाही पाडतो. आधी कोणाचा विश्वासच बसेना. ही नुसती बढाई आहे, असे लोकांना वाटले. शेवटी अमेरिकेचे डॉक्टर रोलर पुढे आले आणि गामांनी त्यांना हरवले. आता मात्र सर्वांची नजर पोलंडच्या झबिस्कोकडे वळली. हा झबिस्को गामांपेक्षा कितीतरी वजनदार होता.

१० सप्टेंबर १९१० रोजी ही कुस्ती झाली. येथे माती नव्हती, गादी होती. पहिल्याच मिनिटात गामांनी झबिस्कोला खाली घेतले. मग झबिस्कोने एक युक्ती केली. तो गादीवर पालथा झाला आणि गादीला घट्ट चिकटून राहिला. पैलवानाची पाठ जमिनीला लागल्याशिवाय तो चितपट होत नाही, हे तुम्हांला माहीत असेलच. गामा त्याला उलटवण्यासाठी डावामागून डाव टाकत होते, पण तो जागचा हलेना. दोन तास पस्तीस मिनिटे हेच चालले. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली गेली. पुन्हा १७ सप्टेंबर ही तारीख ठरली. त्या दिवशी गामा तयार होऊन आले, पण झबिस्को आलाच नाही. गामांना विजयी घोषित करून जॉन बुल पट्टा देण्यात आला.

गामा पट्टा घेऊन परतले. पण न लढता मिळालेल्या विजयाने खऱ्या पैलवानाचे समाधान कसे होणार?

मायदेशी आल्यावर अलाहाबादला त्यांनी रहीम बक्ष यांनाही हरवले आणि ते 'रुस्तुम-ए-हिंद' झाले. यानंतरचा काळ मला सर्वांत कठीण वाटतो. त्यांच्याशी लढायला तोलामोलाचा पैलवान मिळेना. वर्षे अशीच जाऊ लागली. समोर कुस्ती असली, की मेहनत करायला कोणालाही हुरूप येतो. समोर कोणीच नसताना पहाटे कोण उठणार? गामा उठत. जोर, बैठका, मग आखाड्यात एकामागून एक साथीदारांशी लढत. त्यांच्या बैठकांचे आणि दूध-बदामाचे मोठमोठे आकडे सांगितले जातात. सांगणाऱ्यांनी त्यांत थोडी भर घातली असेल, ते सोडून देऊ. मेहनत मात्र रोजची होती.

जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी गामा आणि झबिस्को यांची कुस्ती पुन्हा लावली. लंडनच्या त्या दिवसाला सतरा वर्षे उलटून गेली होती. गामा पन्नाशीला आले होते. झबिस्कोही आता तरुण नव्हता, हे सांगितले पाहिजे. पण मधल्या काळात तो जगज्जेता झाला होता, हेही विसरू नका. या वेळी आखाडा मातीचा होता आणि हजारो लोक जमले होते. दोघांनी हात मिळवले. लोक नीट बसतात न बसतात तोच झबिस्को चितपट झाला. दोन तास पस्तीस मिनिटांत जे झाले नव्हते, ते एका मिनिटाच्या आत झाले!

१९४७ नंतर गामा लाहोरला राहिले. तेथे इमाम बक्ष यांचा मुलगा भोलू घराण्याच्या आखाड्यात तयार होत होता. १९४९ मध्ये तो रुस्तुम-ए-पाकिस्तान झाला. गामांची शेवटची वर्षे आजारपणात गेली. २३ मे १९६० रोजी लाहोर येथे त्यांचे निधन झाले.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात त्यांची एक वस्तू ठेवली आहे. ते एक मोठे गोल कडे आहे. गळ्यातल्या दागिन्यावरून त्याला 'हंसली' म्हणतात. तिचे वजन ९५ किलो आहे. ती गळ्यात घालून गामा बैठका काढत.