सेतुमाधवराव पगडी : पदवी, प्रशासन आणि भाषाभ्यास

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची कामगिरी मोजताना आपण बहुधा पदव्या, पदे आणि पुरस्कार यांचीच यादी करतो. अशी यादी सेतुमाधवराव पगडी यांच्याविषयीही सहज तयार होते. बनारस हिंदू विद्यापीठाची १९३० ची बी.ए., पुढे अलाहाबाद विद्यापीठाची एम.ए., १९३३ पासून हैदराबाद संस्थानची मुलकी सेवा, महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटिअर्स विभागाचे संपादकत्व आणि १९९२ साली पद्मभूषण. मात्र ही यादी वाचून हाती फारसे काही लागत नाही. निलंग्यासारख्या गावात जन्मलेला एक मुलगा फार्सी बखरकारांपासून कोलामांच्या बोलीपर्यंत कसा पोहोचला, आणि त्याच्या मागून त्या वाटेने जाणारे मराठवाड्यात इतके थोडे का निघाले, हे दोन प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचे वाटावयास हवेत.

पगडींचा जन्म २७ ऑगस्ट १९१० रोजी निलंगा येथे झाला. निलंगा आणि उदगीर हे दोन्ही तालुके त्या वेळी हैदराबाद संस्थानच्या बीदर जिल्ह्यात मोडत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले व १९८२ साली लातूर जिल्ह्यात आले. हा तपशील केवळ भूगोलाचा नाही. या पट्ट्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चार भाषा एकाच बाजारात बोलल्या जात आल्या आहेत. उदगीरच्या आठवडी बाजारात आजही गिऱ्हाईक पाहून भाषा बदलणारा दुकानदार भेटतो आणि त्यात काही विशेष आहे असे त्याला वाटत नाही. पगडींना सतरा भाषा येत होत्या असे सांगितले जाते. संख्येचा हा हिशेब बाजूला ठेवला तरी, ज्याला आपण बहुभाषिकत्व म्हणून गौरवितो ते या भागात मुळात व्यवहाराचे अंग होते, एवढे लक्षात घेतले पाहिजे. पगडींनी त्या व्यवहाराचे शास्त्र केले.

संस्थानातील शिक्षणाची घडण येथे थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदराबादच्या राज्यकारभारात फार्सीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे विद्यापीठ म्हणून. त्यासाठी आदल्याच वर्षी दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, उघडण्यात आला होता. गणित, वैद्यक, कायदा या विषयांची पुस्तके उर्दूत आणण्याचा तो प्रयत्न देशी भाषेतील उच्च शिक्षणाच्या इतिहासात निःसंशय मोठा आहे. परंतु मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटक या तिन्ही भागांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांची मातृभाषा उर्दू नव्हती. त्यांच्या दृष्टीने हे माध्यम इंग्रजीइतकेच परके होते, आणि त्यामागे सत्ता उभी असल्याने ते सक्तीचे भासे. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियाच्या विद्यार्थ्यांवर बडतर्फीची पाळी आली व त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, ही घटना सर्वपरिचित आहे.

पगडी त्या पिढीच्या थोडे अगोदरचे. संस्थानाबाहेर पडून त्यांनी बनारस गाठले. पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ साली उभारलेल्या त्या विद्यापीठात राष्ट्रीय वृत्तीचे वातावरण होते. अलाहाबादला मध्ययुगीन इतिहासाच्या अभ्यासाची परंपरा आकाराला येत होती आणि त्या परंपरेत फार्सी साधनांखेरीज पाऊल टाकता येत नसे. एका ठिकाणी स्वदेशाचा अभिमान, तर दुसऱ्या ठिकाणी मूळ साधनांचा आग्रह. पगडींच्या पुढच्या लेखनात या दोन्ही गोष्टी बरोबरीने नांदताना दिसतात, आणि त्यांत कधीकधी ओढाताणही होते.

पदव्युत्तर शिक्षणानंतर ते विद्यापीठात रमले नाहीत. हयातभराची नोकरी त्यांनी शासनाचीच केली. प्रशासकाचा वेळ दौऱ्यांत आणि दप्तरात जातो. त्यातून ग्रंथरचना करणारे अधिकारी आपल्याकडे विरळाच. पगडींनी मात्र नोकरीतील बदलीलाच अभ्यासाचे साधन बनविले. याचे सर्वांत ठळक उदाहरण आदिलाबादचे. तेथील गोंडांचा असंतोष १९४० साली कोमराम भीम यांच्या उठावात प्रकट झाला आणि शासनाने तो बंदुकीने मोडला. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेन्डॉर्फ यांच्या अभ्यासाच्या आधारे गोंडांच्या जमिनी व शिक्षण यांसंबंधी योजना आखण्यात आली. १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके तेथे देवनागरीत छापली गेली, कारण त्या भागातील गोंडांना मराठीचा परिचय अधिक होता. मराठीच्या अभ्यासकाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संस्थानात आपली भाषा दडपली गेली असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे, पण त्याच संस्थानाच्या एका कोपऱ्यात आपली लिपी दुसऱ्या एका दुर्बल भाषेची वाहक झाली होती.

आदिलाबादच्या आदिवासींमध्ये काम करताना पगडी त्यांच्या भाषा शिकले. त्यांचे गोंडांवरील इंग्रजी पुस्तक, १९५० चे कोलामी भाषेचे व्याकरण आणि १९५४ चे गोंडी भाषेचे व्याकरण ही त्या अभ्यासाची फळे होत. ती हैदराबादेत छापली गेली आणि मराठी वाचकांच्या नजरेस फारशी पडली नाहीत. जागतिक भाषाविज्ञानाने मात्र त्यांची नोंद घेतली. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात, ज्याची पहिली आवृत्ती १९६१ ची व दुसरी १९८४ ची आहे, कोलामी आणि गोंडी शब्दांच्या नोंदींत पगडींच्या व्याकरणांचा आधार जागोजागी संक्षेपाने दिलेला आढळतो. एका महसूल अधिकाऱ्याने गोळा केलेले शब्द द्राविडी भाषांच्या तौलनिक अभ्यासाची सामग्री ठरावेत, हे यश लहान नाही. पगडी भाषाविज्ञानाचे शिक्षित अभ्यासक नव्हते, त्यामुळे ध्वनींच्या नोंदीत त्यांच्याकडून पुढील काळातील काटेकोरपणाची अपेक्षा करता येत नाही. तरीही त्यांनी ती सामग्री टिपली. आजच्या आपल्या विभागांतून बोलींवर प्रबंध होतात, परंतु त्यांतील किती प्रबंध इतरांच्या संशोधनाला साधन म्हणून उपयोगी पडतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पगडींच्या सेवेचा पुढचा काळ महाराष्ट्रात गेला. १९६० नंतरच्या दशकात गॅझेटिअर्स विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. कॅम्बेलच्या काळातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत मराठवाड्याला स्थान असणे शक्यच नव्हते, कारण तो प्रदेश निजामाचा होता. परिणामी आपल्या जिल्ह्यांचा असा तपशीलवार ग्रंथ आपल्याकडे नव्हता. नव्या मालिकेत परभणी १९६७ मध्ये, बीड १९६९ मध्ये, नांदेड १९७१ मध्ये आणि उस्मानाबाद १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. उदगीर तालुक्याची माहिती त्या उस्मानाबादच्या खंडात आली. हे काम अनेकांचे होते व त्याचे सगळे श्रेय एका व्यक्तीला देणे योग्य होणार नाही. मात्र शासनाच्या खात्यात संशोधनाची शिस्त आणण्यासाठी प्रमुखपदी इतिहासाचा जाणकार असावा लागतो, आणि तसा तो त्या काळात होता.

पगडींचे मराठीतील नाव ज्यामुळे झाले ती कामगिरी फार्सी साधनांच्या भाषांतराची. साकी मुस्तैदखानाचे मासिरे आलमगिरी, भीमसेन सक्सेनाचे तारीखे दिलकुशा, खाफीखानाचा इतिहास आणि मोगल दरबाराची बातमीपत्रे ही साधने त्यांनी मराठीत आणली. मराठ्यांशी निगडित मजकुरावर त्यांचा भर राहिला. यांतील भीमसेन माझ्या मते सर्वांत वाचनीय. तो मोगलांच्या चाकरीतला कायस्थ कारकून, दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहिलेला, दक्षिणेत उभे आयुष्य काढलेला. छावणीतील धान्याचे भाव, शिपायांचे हाल, सरदारांचा स्वार्थ हे सारे तो जवळून पाहतो. औरंगजेबाच्या दक्षिणस्वारीचा कंटाळा त्याच्या लेखनात जितका जाणवतो तितका दरबारी इतिहासकाराकडे जाणवणे शक्य नाही. मराठी कादंबरीकारांनी या काळावर विपुल लिहिले. त्यांना शत्रूच्या छावणीची आतली बाजू मराठीतून पाहता आली ती पगडींसारख्यांच्या श्रमामुळे.

या भाषांतरांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संपादित आवृत्तीला लागणारी पाठचिकित्सा व विस्तृत टीपा यांच्याकडे पगडींचा कल नव्हता. वेगाने, सुबोध मराठीत, अधिकाधिक सामग्री वाचकांपुढे ठेवावी असा त्यांचा उद्देश दिसतो. संशोधकाला यामुळे अडचण होते आणि मूळ फार्सीशी ताडून पाहिल्याशिवाय एखाद्या वाक्यावर इमारत उभी करता येत नाही. पण ताडून पाहणारा कोण? येथे खरा प्रश्न उभा राहतो. माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला तेव्हा महाविद्यालयांत फार्सी हा शिकण्याचा विषय होता. आज मराठवाड्यातील मराठीच्या पदव्युत्तर विभागांत फार्सी वाचू शकणारे अध्यापक अपवादानेही सापडणे कठीण झाले आहे. पगडींच्या चुका दाखविण्याची क्षमता नसलेल्यांनी त्यांच्यावर विसंबून राहावे, आणि त्यालाच संशोधन म्हणावे, अशी आपली अवस्था आहे.

उर्दूच्या बाबतीत ही उणीव आणखी जवळची आहे. पगडींनी सूफी संप्रदायावर लिहिले, गालिबच्या गझला मराठी वाचकांना अर्थासह समजावून दिल्या, इक्बालच्या काव्याचा व विचारांचा परामर्श घेतला. ज्या राजवटीने उर्दू लादली तिच्याविषयी त्यांच्या मनात ममता नव्हती. भाषेविषयी मात्र होती. विलीनीकरणानंतर मराठवाड्यातील सुशिक्षितांनी राजवटीबरोबर तिची भाषाही मनातून काढून टाकली. त्यामागील दुखावलेपण समजण्यासारखे आहे. रझाकारांच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना तटस्थतेचा उपदेश करणे सोपे नसते, आणि उदगीर परिसरात अशी घरे पुष्कळ आहेत. तथापि याच घरांच्या पेट्यांत उर्दू दस्तऐवज, इनामाचे कागद आणि कोर्टाचे निवाडे पडून आहेत. आजोबांनी सही केलेला कागद नातवाला वाचता येत नाही. पगडींनी राजवट आणि भाषा यांत जो भेद केला तो त्यांच्या पिढीतही सोपा नव्हता, पुढच्या पिढीने तर तो करण्याचा प्रयत्नच सोडला.

याच संदर्भात त्यांच्या मराठे-निजाम संबंधांवरील लेखनाकडे पाहावे. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरनजीक सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख मिळविला. पानिपतच्या छायेत हा विजय आपल्या इतिहासलेखनात झाकला गेला. पगडींनी अशा प्रसंगांकडे पाहताना मराठी पत्रांसोबत दुसऱ्या बाजूची साधनेही समोर ठेवली. शिवचरित्र लिहितानाही हीच पद्धत त्यांनी वापरली आहे. त्यामुळे आपल्या पक्षाचा अभिमान असूनही विरोधी पक्ष त्यांच्या लेखनात केवळ खलनायकांचा जमाव राहत नाही. मतांच्या बाबतीत ते आग्रही होते, भारतीय मुसलमानांच्या प्रश्नावरील त्यांचे काही निष्कर्ष वादग्रस्त ठरतील असेच आहेत, आणि तेथे त्यांच्यातील प्रशासक इतिहासकारावर मात करतो असे मला वाटते. परंतु त्यांच्याशी वाद घालावयाचा तर त्यांनी वाचलेली साधने वाचूनच घालावा लागतो.

त्यांचे 'जीवनसेतू' हे आत्मचरित्र मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचेही साधन आहे. आपल्या विद्यार्थ्यांकडून त्याचा उपयोग अद्याप पुरेसा झालेला नाही. १४ ऑक्टोबर १९९४ रोजी पगडींचे निधन झाले. त्याच्या अवघ्या महिनाभर आधी, १७ सप्टेंबरला, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली होती. ज्या प्रदेशातून त्यांना शिक्षणासाठी बनारस आणि अलाहाबाद गाठावे लागले तेथे आता स्वतंत्र विद्यापीठ आले. जन्मशताब्दीच्या निमित्ताने हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेने त्यांचे समग्र वाङ्मय खंडरूपाने प्रकाशात आणले. हे खंड आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असावेत आणि त्यांच्या शेजारी एक फार्सी कोश व उर्दूची एक प्राथमिक वाचनमाला असावी. पीएच.डी. साठी विषय मागावयास येणाऱ्या विद्यार्थ्याला मी अलीकडे प्रथम उर्दू लिपी शिकावयास सांगतो. बहुतेक परत येत नाहीत. गेल्या काही वर्षांत दोघे आले, आणि त्यांतील एकाने आपल्या गावच्या देशमुखी वतनाचे कागद वाचावयास घेतले आहेत.