अल्बर्ट हॉवर्ड

सर अल्बर्ट हॉवर्ड (८ डिसेंबर १८७३ – २० ऑक्टोबर १९४७) हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ व कृषिशास्त्रज्ञ होते. जमिनीची सुपीकता हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. शेतातील काडीकचरा व शेण यांपासून खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी भारतात विकसित केली. आधुनिक सेंद्रिय शेतीच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

जन्म, शिक्षण व सुरुवातीचा काळ

हॉवर्ड यांचा जन्म इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील बिशप्स कॅसल येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमध्ये गेले आणि तेथील कृषी खात्यात कवकशास्त्रज्ञ म्हणून उसाच्या व इतर पिकांच्या रोगांचा अभ्यास करू लागले. शेतकऱ्याला उपाय सुचवायचा, परंतु तो आधी स्वतःच्या शेतात करून पाहण्याची सोय मात्र नाही, ही संशोधनपद्धतीतील उणीव त्यांना तेथेच जाणवली. १९०३ ते १९०५ या काळात ते इंग्लंडमधील वाय येथील कृषी महाविद्यालयात होते.

पुसा येथील कार्य

१९०५ मध्ये भारत सरकारचे आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाला. गॅब्रिएल या स्वतः केंब्रिजमध्ये संशोधन केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुढील पंचवीस वर्षांतील बहुतेक संशोधन या दांपत्याने एकत्र केले. भारतीय गव्हावरील त्यांचा संयुक्त ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तयार केलेले ‘पुसा ४’ व ‘पुसा १२’ हे गव्हाचे वाण उत्तर भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरले.

पुसा येथे हॉवर्ड यांनी ७५ एकर जमीन प्रयोगासाठी मिळवली. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके कोणत्याही औषधाशिवाय बहुतांशी निरोगी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी या शेतकऱ्यांनाच आपले गुरू मानले. कीड व रोग यांच्याकडेही ते केवळ शत्रू म्हणून पाहत नसत. पिकाच्या निवडीत किंवा मशागतीत कोठे चूक झाली आहे, हे त्यांच्यावरून कळते, असे त्यांचे मत झाले. जमीन सुपीक असेल तर पीक निरोगी राहते आणि ते खाणारी जनावरेही निरोगी राहतात, हा विचार त्यांच्या मनात येथेच रुजला.

इंदूर पद्धत

एकाच पिकाचे प्रश्न निरनिराळ्या विभागांत वाटून देण्याची पुसा येथील रीत त्यांना मान्य नव्हती. १९२४ मध्ये इंदूर येथे स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेचे ते संचालक झाले. होळकर संस्थानाने दिलेली सुमारे ३०० एकर काळी जमीन, मध्य भारतातील संस्थानांचे साहाय्य आणि भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचे अनुदान यांवर ही संस्था उभी राहिली.

भारतीय शेतीपुढील एक जुनी अडचण हॉवर्ड यांच्यासमोर होती. शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात असे आणि शेत खतावाचून राही. पऱ्हाट्या, धसकटे व पालापाचोळा तसाच जमिनीत गाडला, तर तो कुजवणारे सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र वापरून टाकतात आणि पिकाला त्याची उणीव भासते. यावर उपाय म्हणून हा काडीकचरा शेताबाहेर उथळ खड्ड्यांत थरांनी रचला जाई. त्यात थोडे शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख मिसळत. ओलावा व हवा राखण्यासाठी ढीग तीन वेळा उलथला जाई. साधारण तीन महिन्यांत भुसभुशीत खत तयार होई. शेण येथे विरजणासारखे काम करी, त्यामुळे थोड्या शेणात पुष्कळ खत मिळे. चिनी शेतकऱ्यांच्या खतनिर्मितीच्या परंपरेचाही या पद्धतीवर प्रभाव होता.

या कामात संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ यशवंत द. वाड यांचा मोठा वाटा होता. १९३१ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या ग्रंथावर हॉवर्ड व वाड या दोघांचीही नावे आहेत. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी इंदूरला येऊन ही पद्धत पाहिली.

उत्तरायुष्य व ग्रंथलेखन

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. १९३१ मध्ये हॉवर्ड भारत सोडून मायदेशी परतले. त्याच वर्षी गॅब्रिएल यांची बहीण लुईज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. दरम्यान इंदूर पद्धत केनियातील कॉफीच्या आणि भारत व श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांपर्यंत पोहोचली. १९४० मध्ये त्यांचा ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. जंगल कोणी खत न घालता सुपीक राहते, कारण जमिनीतून घेतलेले सर्व काही तेथे जमिनीलाच परत मिळते, हा त्याचा गाभा आहे. नत्र, स्फुरद व पालाश यांचा हिशेब म्हणजे सुपीकता नव्हे, अशी टीका त्यांनी रासायनिक खतांच्या पुरस्कर्त्यांवर केली.

मूल्यमापन

हॉवर्ड यांचे सर्वच दावे शास्त्रज्ञांना मान्य झाले नाहीत. केवळ कंपोस्टमुळे रोगप्रतिकार वाढतो, हे त्यांनी मुख्यतः निरीक्षणांच्या आधारे मांडले. त्याला तुलनात्मक प्रयोगांचे पुरेसे पाठबळ नव्हते. त्यांच्या कीर्तीमागे गॅब्रिएल, वाड आणि भारतीय शेतकऱ्यांचे योगदान काहीसे झाकले गेले, असेही दिसते. परंतु जमिनीतील सेंद्रिय द्रव्य टिकवल्याशिवाय शेती टिकत नाही, हे त्यांचे मूळ प्रतिपादन पुढे मृदाशास्त्रात स्वीकारले गेले. शेतकऱ्यांना शिकवण्यासाठी आलेल्या या शास्त्रज्ञाने त्यांच्याकडून जे घेतले, ते प्रयोगाने तपासून, नियमबद्ध करून त्यांना आणि जगाला परत केले. इंदूरच्या त्या संस्थेच्या जागेवर पुढे कृषी महाविद्यालय उभे राहिले.