उडत्या डॉक्टरांचे जनक जॉन फ्लिन

जॉन फ्लिन डॉक्टर नव्हते आणि वैमानिकही नव्हते. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. तरीही ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागातील हजारो रुग्णांचे प्राण वाचवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

१८८०मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात जन्मलेल्या फ्लिन यांची १९११मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील बेल्टाना या आडगावी नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी 'ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन' स्थापन झाले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांनी ठिकठिकाणी परिचारिकांची छोटी रुग्णालये सुरू केली. मात्र, भारताच्या निम्म्याहून मोठ्या, सुमारे २० लाख चौरस किलोमीटरच्या प्रदेशाला तेव्हा डॉक्टर होते अवघे दोन.

याचा अर्थ काय, हे १९१७मध्ये जिमी डार्सी या गुराख्याच्या मृत्यूने दाखवून दिले. घोड्यावरून पडून त्याचे मूत्राशय फाटले. त्याला हॉल्स क्रीक या वस्तीत आणले. तिथे डॉक्टर नव्हता, तारघर होते. पर्थहून डॉ. हॉलंड तारेने सूचना देत राहिले आणि पोस्टमास्तर टकेट यांनी खिशातल्या चाकूने, भूल न देता शस्त्रक्रिया केली. डॉ. हॉलंड गुरांच्या बोटीने आणि पुढे मोटारीने निघाले. दहाहून अधिक दिवसांनी ते पोहोचले, तेव्हा डार्सी आदल्याच दिवशी मरण पावला होता. शस्त्रक्रिया जमली होती. मलेरियाचे निदान मात्र राहून गेले होते. तारेवरून सूचना जात होत्या, पण रुग्ण तपासणारा हात जात नव्हता.

त्याच वर्षी क्लिफर्ड पील या युद्धावरील तरुण वैमानिकाने फ्लिन यांना पत्र लिहून डॉक्टरांसाठी विमान वापरण्याची कल्पना खर्चाच्या हिशेबासह मांडली. पील वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून युद्धावर गेले होते. १९१८मध्ये ते मारले गेले. फ्लिन यांनी मात्र ती कल्पना सोडली नाही. दहा वर्षे ते निधी गोळा करत राहिले.

१७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधील क्लोनकरीहून डॉ. वेल्च यांना घेऊन पहिले विमान जुलिया क्रीकला उडाले. अंतर सुमारे १३७ किलोमीटर, विमानाचा वेग ताशी साधारण १३० किलोमीटर. म्हणजे प्रवास जेमतेम तासाभराचा. विमानात रेडिओ नव्हता. नद्या, कुंपणे आणि तारांचे खांब पाहून वैमानिक वाट काढत. पहिल्या वर्षी ५० उड्डाणांत २२५ रुग्णांवर उपचार झाले.

विमान वेगवान असले, तरी बोलावणे उशिरा आले तर त्याचा उपयोग नाही, हेही फ्लिन यांनी ओळखले होते. त्यांच्या सांगण्यावरून आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायडल मारून वीज निर्माण करणारा साधा रेडिओ बनवला. १९२९पासून तो दूरच्या गुरांच्या वाड्यांवर पोहोचू लागला. विजेची सोय नसलेल्या घरातूनही डॉक्टरांना निरोप जाऊ लागला.

१९५१मध्ये फ्लिन यांचे निधन झाले. त्यांची रक्षा ॲलिस स्प्रिंग्जजवळ विसावली आहे, तर चित्र ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर आहे. त्यांची 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस' आजही सुरू आहे. रक्तस्राव, अडलेले बाळंतपण किंवा पोटातली इजा किलोमीटर मोजत नाही. निरोप जायला लागलेला वेळ आणि डॉक्टर यायला लागलेला वेळ, या दोन्हींची बेरीज रुग्णाचे भवितव्य ठरवते. फ्लिन यांनी आयुष्यभर हीच बेरीज कमी केली.