रामानुजन: संख्यांची फोड आणि न उलगडलेला आजार

औषध लिहून देताना आम्ही डॉक्टर दिवसाच्या 24 तासांचे भाग पाडतो. गोळी दर 12, 8 किंवा 6 तासांनी द्या, भाग नेमका जातो. कारण 24 ला 8 विभाजक आहेत. 24 पेक्षा लहान कोणत्याही संख्येला इतके नाहीत. विभाजकांच्या बाबतीत आपल्याहून लहान सर्व संख्यांना मागे टाकणाऱ्या अशा संख्यांचा सखोल अभ्यास केला तो श्रीनिवास रामानुजन यांनी.

त्यांचा जन्म 22 डिसेंबर 1887 रोजी इरोड येथे झाला. बालपण कुंभकोणमला गेले. गणितापुढे इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने ते कॉलेजात नापास झाले आणि पुढे मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागले. 1913 मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले आणि 1914 मध्ये ते इंग्लंडला पोहोचले. या संख्यांवरचा त्यांचा दीर्घ निबंध 1915 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरच 1916 मध्ये त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली.

निबंधात अशा 102 संख्यांची यादी आहे. शेवटची संख्या 67,46,32,83,88,800. तिची फोड केली तर 2 सहा वेळा, 3 चार वेळा, 5 आणि 7 दोनदा, तर 11, 13, 17, 19 आणि 23 एकेकदा येतात. विभाजक बनवताना 2 एकदाही न घेण्यापासून सहा वेळा घेण्यापर्यंत सात पर्याय असतात. 3 चे पाच, 5 आणि 7 चे प्रत्येकी तीन, उरलेल्या पाचांचे दोन-दोन. या सर्वांचा गुणाकार 10,080. तितके तिचे विभाजक! संगणक नसताना केलेल्या या यादीत एकच संख्या सुटली: 2,93,31,86,25,600. शेवटच्या संख्येला 23 ने भागले की तीच येते.

1917 मध्ये रामानुजन आजारी पडले. युद्धाचे दिवस, शाकाहाराचे हाल. डॉक्टरांची मते बदलत राहिली. मुख्यतः क्षय समजून त्यांना आरोग्यधामांत ठेवले गेले. 1918 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पण तब्येत खालावलेलीच होती. मार्च 1919 मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले आणि मद्रासला गेले. 26 एप्रिल 1920 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

1994 मध्ये डी. ए. बी. यंग या संशोधकाने उपलब्ध नोंदी आणि लक्षणे तपासून असे मत मांडले, की हा यकृतात पसरलेला आमांश असावा. भारतात असताना रामानुजन यांना आमांश झाला होता. आमांशाचे जंतू आतड्यातून यकृतात जाऊन बऱ्याच काळाने त्रास देऊ शकतात. आमांशावर एमेटिनची इंजेक्शने 1912 पासून वापरात होती. आज खात्री करता येणार नाही, पण हे निदान बरोबर असेल तर उपचार आवाक्यात होता.

सरकारी रुग्णालयात ताप आणि घटलेले वजन घेऊन रुग्ण येतो, तेव्हा क्षयाची शंका आधी येते आणि ती तपासलीच पाहिजे. पण मागचे आजारही विचारायला हवेत. तुम्हीही डॉक्टरांकडे जाल तेव्हा दहा वर्षांपूर्वीचे दुखणे क्षुल्लक समजून गाळू नका.