टेनिसच्या मैदानातून धावपट्टीकडे : किनुए हितोमी यांची चोवीस वर्षे

जपानच्या महिला क्रीडा इतिहासात २ ऑगस्ट या तारखेची नोंद दोनदा होते. १९२८ मध्ये याच दिवशी अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये किनुए हितोमी यांनी ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक पटकावले आणि ऑलिम्पिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या जपानी महिला ठरल्या. बरोबर तीन वर्षांनी, १९३१ मध्ये, याच दिवशी ओसाका येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे २४ वर्षांचे होते. आपल्यानंतर येणाऱ्या मुलींना धावण्यासाठी मैदान मिळणार की नाही, हा प्रश्न त्या अल्प आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांच्यासोबत सतत वावरत होता.

हितोमी यांचा जन्म १ जानेवारी १९०७ रोजी पश्चिम जपानमधील ओकायामा प्रांतातील फुकुहामा या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. १९२० मध्ये त्यांनी ओकायामा येथील मुलींच्या माध्यमिक शाळेत प्रवेश घेतला. त्याच वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये इचिया कुमागाए यांनी टेनिसच्या एकेरीत आणि सेइइचिरो काशिओ यांच्या साथीने दुहेरीत रौप्यपदक मिळवले होते. जपानची ही पहिली ऑलिम्पिक पदके. परदेशी चेंडू महाग पडत असल्याने जपानमध्ये मऊ रबरी चेंडूने खेळला जाणारा टेनिसचा एक प्रकार रुजला होता आणि मुलींच्या शाळांमध्येही तो लोकप्रिय होता. हितोमी यांच्या हाती प्रथम आली ती टेनिसची रॅकेट. शाळेत असतानाच उत्तम टेनिसपटू म्हणून त्यांचे नाव झाले. उंच बांधा आणि चपळ हालचाली यांचा त्यांना या खेळात मोठा लाभ झाला.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १९२३ मध्ये. प्रांतातील महिलांच्या मैदानी स्पर्धेत उतरलेल्या या टेनिसपटूने लांब उडीत ४.६७ मीटर अंतर पार केले. त्या काळातील जपानी महिलांमध्ये इतकी लांब उडी कोणीही घेतली नव्हती. पुढच्याच वर्षी त्या तोक्योला गेल्या आणि तोकुयो निकाइदो यांनी स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण संस्थेत दाखल झाल्या. निकाइदो यांनी ब्रिटनमध्ये शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले होते. मुलींचे शरीर बळकट व्हावे, यासाठी त्यांनी ही संस्था उभारली होती. या संस्थेत हितोमी यांच्यातील खेळाडूला शिस्त लाभली. टेनिस मागे पडले आणि धावणे, उड्या व फेकीचे प्रकार हेच त्यांचे क्षेत्र झाले.

१९२६ मध्ये त्या ओसाका येथील ‘माइनिची’ या वृत्तपत्रात रुजू झाल्या. बातमीदारी आणि सराव अशी दुहेरी दिनचर्या सुरू झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे महिलांच्या दुसऱ्या जागतिक क्रीडास्पर्धा भरल्या. ऑलिम्पिकच्या मैदानी स्पर्धांची दारे महिलांना बंद असल्याने फ्रान्सच्या अलिस मिलिया यांच्या पुढाकाराने या स्पर्धा सुरू झाल्या होत्या. जपानतर्फे गेलेल्या हितोमी या एकमेव खेळाडू होत्या. सायबेरिया ओलांडणाऱ्या रेल्वेने प्रदीर्घ प्रवास करून त्या युरोपात पोहोचल्या. लांब उडीत त्यांनी ५.५० मीटरच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. जागेवरून घ्यायच्या लांब उडीतही त्यांनी सुवर्ण जिंकले, थाळीफेकीत त्या दुसऱ्या आणि १०० यार्ड शर्यतीत तिसऱ्या आल्या. एकोणीस वर्षांच्या या जपानी युवतीला स्पर्धेतील सर्वोत्तम वैयक्तिक कामगिरीचा मान मिळाला.

मायदेशी कौतुक झाले, पण ते निर्भेळ नव्हते. त्यांची उंची, बांधा आणि तोकड्या पोशाखात लोकांसमोर धावणे यावरून त्यांना टोमणे ऐकावे लागले. स्त्रीत्वाच्या रूढ कल्पनेत न बसणाऱ्या या खेळाडूवर शंका घेणारेही होते. तरीही त्यांचा सराव थांबला नाही. मे १९२८ मध्ये ओसाका येथे त्यांनी ५.९८ मीटर लांब उडी घेतली. हा विश्वविक्रम १९३९ पर्यंत अबाधित राहिला.

अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी प्रथमच मैदानी स्पर्धा ठेवण्यात आल्या. भारतीय वाचकांना हे ऑलिम्पिक हॉकीतील पहिल्या सुवर्णपदकासाठी स्मरते. महिलांच्या वाट्याला मात्र मैदानी स्पर्धांचे पाचच प्रकार आले होते : १०० मीटर, ८०० मीटर, चार बाय शंभर मीटर रिले, उंच उडी आणि थाळीफेक. हितोमी यांची हुकमी लांब उडी त्यात नव्हती. त्या वर्षीपासून टेनिसही ऑलिम्पिकमधून वगळण्यात आले होते. जपानच्या पथकातील त्या एकमेव महिला खेळाडू होत्या. त्यांच्यावरील अपेक्षांचा सारा भार १०० मीटर शर्यतीवर होता आणि तिथे त्या उपांत्य फेरीतच बाद झाल्या.

रिकाम्या हाताने परतणे म्हणजे जपानमधील महिला खेळांच्या विरोधकांना आयते निमित्त देणे होते. हितोमी यांनी ८०० मीटर शर्यतीत उतरण्याचा निर्णय घेतला. या अंतराच्या स्पर्धेचा त्यांना अनुभव जवळपास नव्हता. प्राथमिक फेरी पार करून त्या २ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या वेगानंतर त्या मागे पडल्या, मात्र दुसऱ्या फेरीत त्यांनी एकेका प्रतिस्पर्ध्याला गाठत आघाडीच्या दिशेने मुसंडी मारली. जर्मनीच्या लीना राडके यांनी २ मिनिटे १६.८ सेकंदांत सुवर्ण जिंकले. हितोमी २ मिनिटे १७.६ सेकंदांत दुसऱ्या आल्या आणि स्वीडनच्या इंगा गेन्ट्झेल यांना कांस्यपदक मिळाले. पदक मिळवणाऱ्या तिघींनीही आधीच्या विश्वविक्रमापेक्षा कमी वेळ नोंदवली होती. त्याच दिवशी मिकिओ ओदा यांनी तिहेरी उडीत जपानला पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले.

शर्यत संपताच दमलेल्या काही धावपटू मैदानावर कोसळल्या. हितोमी यांचाही त्यांत समावेश होता. पुरुषांच्या शर्यतींत नित्य दिसणारे हे दृश्य महिलांच्या बाबतीत मात्र धोक्याचे लक्षण ठरवले गेले. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली, ही साधी वस्तुस्थिती होती. तरीही अनेक जणी अर्ध्यावर शर्यत सोडून गेल्या, अशा अतिरंजित बातम्या काही परदेशी वृत्तपत्रांत छापून आल्या. इतके अंतर स्त्रीच्या शरीराला झेपणारे नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला आणि महिलांची ८०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमधून वगळली गेली. ती परतली ३२ वर्षांनी, १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये.

या निर्णयाची झळ दूरवर पोहोचली. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे नीलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसोझा या भारताच्या पहिल्या महिला धावपटू ऑलिम्पिकमध्ये उतरल्या, तेव्हाही महिलांसाठी सर्वांत लांबची शर्यत २०० मीटरचीच होती.

अॅमस्टरडॅमहून परतल्यावर हितोमी यांच्यापुढे नवे ध्येय होते. पुढच्या स्पर्धेला आपण एकट्याने जायचे नाही, आणखी मुलींना सोबत न्यायचे, असे त्यांनी ठरवले. वृत्तपत्रातील काम सांभाळून त्या गावोगावच्या मुलींच्या शाळांत व्याख्याने देत आणि प्रवासखर्चासाठी निधी गोळा करत. विद्यार्थिनींनी दिलेल्या छोट्या छोट्या रकमांचा त्या निधीला मोठा आधार होता. सप्टेंबर १९३० मध्ये प्राग येथे महिलांच्या तिसऱ्या जागतिक क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा हितोमी यांच्यासह सहा जपानी खेळाडू तिथे हजर होत्या. हितोमी यांनी लांब उडीत सुवर्ण, तीन प्रकारांच्या संयुक्त स्पर्धेत रौप्य, तर ६० मीटर आणि भालाफेकीत कांस्य मिळवले. त्यानंतरही युरोपातील अन्य शहरांत सामने झाले आणि थकलेल्या पथकाने ते खेळून काढले.

मायदेशी मात्र ही कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी मानली गेली आणि टीका झाली. विश्रांती घेण्याऐवजी हितोमी पुन्हा प्रवासाला निघाल्या. ज्यांनी पैसे दिले होते त्यांचे आभार मानणे, व्याख्याने देणे, वृत्तपत्रासाठी लिहिणे हा क्रम सुरू राहिला. १९३१ च्या वसंतात त्या आजारी पडल्या. फुप्फुसाच्या विकाराने त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि अखेर २ ऑगस्ट रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या स्मरणार्थ प्रागमधील ओल्शानी दफनभूमीत स्मृतिशिळा उभारण्यात आली.

पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे हिदेको माएहाता यांनी जलतरणात रौप्य आणि १९३६ मध्ये बर्लिन येथे सुवर्णपदक जिंकले. धावण्यात मात्र जपानी महिलेला पुढचे ऑलिम्पिक पदक मिळायला ६४ वर्षे लागली. १९९२ मध्ये बार्सिलोना येथे मॅरेथॉनमध्ये युको आरिमोरी यांनी रौप्यपदक मिळवले. त्याही ओकायामाच्याच. जिथे ८०० मीटर अंतर महिलांसाठी घातक ठरवले गेले होते, त्याच ऑलिम्पिकमध्ये त्या ४२ किलोमीटरहून अधिक अंतर धावल्या.