न मागितलेली जागा : युलिसिस ग्रँट याची जीवनकथा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो संस्थानांत जॉर्जटाउन नांवाचें एक लहानसें गांव आहे. इ. स. १८३८ च्या नाताळच्या सुटींत तेथील एक सोळा वर्षांचा मुलगा बाहेरगांवच्या शाळेंतून घरीं आला होता. वडिलांच्या हातांत नुकतेंच आलेलें एक पत्र होतें. तें वाचून झाल्यावर त्यांनीं मुलास सांगितलें कीं, त्याची नेमणूक आतां बहुतकरून होणार. कसली नेमणूक, असें मुलानें आश्चर्यानें विचारलें. तेव्हां वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत त्याला घ्यावें म्हणून आपण अर्ज केला आहे, असें वडिलांनीं उत्तर दिलें. आपण मुळींच जाणार नाहीं, असें मुलगा म्हणाला. तो जाईल असें आपणांस वाटतें, एवढेंच वडील बोलले. आणि वडिलांस तसें वाटत असेल तर आपणांसहि तसेंच वाटावयास हवें, हें मुलाच्या तत्काळ ध्यानांत आलें.

आमच्या वाचकांपैकीं जे पालक आहेत त्यांस हा प्रसंग अगदींच अपरिचित वाटूं नये. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठीं दाखला मागावयास शाळेच्या कचेरींत येणारे वडील मीं पुष्कळ पाहिले आहेत. कित्येक मुलें स्वतःच्या हौसेनें पुढें होतात हें खरें. पण कधीं कधीं सर्व बोलणें वडीलच करतात, आणि ज्याच्यासाठीं दाखला हवा असतो तो मुलगा त्यांच्या मागें उभा राहून खिडकीबाहेर पाहत असतो. अशा वेळीं मला जॉर्जटाउनच्या त्या मुलाची आठवण होते. तोच पुढें अमेरिकेच्या यादवी युद्धांतला विजयी सेनापति आणि त्या देशाचा अठरावा अध्यक्ष युलिसिस ग्रँट झाला.

त्याचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजीं झाला. त्याचें खरें नांव हायरम युलिसिस. वडील जेसी ग्रँट यांचा कातडीं कमावण्याचा धंदा होता. ते कष्टाळू, बोलके आणि महत्त्वाकांक्षी होते. आई हॅना ही मेथडिस्ट पंथाची, देवभीरु आणि अत्यंत मितभाषी होती. मुलानें आईचा स्वभाव उचलला. कातड्यांचा वास त्याला सहन होत नसे; वडिलांच्या कारखान्यांत पाऊल टाकण्यापेक्षां लांकडें वाहण्याचें, नांगरण्याचें, वाटेल तें काम तो आनंदानें करी, मात्र तें काम घोड्यांचें असलें पाहिजे. घोड्यांवर त्याचा फार जीव होता. तो आठ वर्षांचा असतां शेजाऱ्याचें एक शिंगरूं त्याच्या मनांत भरलें. वडिलांनीं त्याला पढवून पाठविलें कीं, आधीं २० डॉलर सांग, न ऐकल्यास साडेबावीस, आणि तेवढ्यानेंहि न जमल्यास २५ दे. मुलानें शेजाऱ्यापुढें उभें राहून हा सर्व निरोप शब्दशः सांगून टाकला. अर्थात् शिंगरूं पंचवीसांस पडलें आणि गांवांतलीं पोरें त्याला वर्षानुवर्षें चिडवीत राहिलीं.

असा मुलगा धंद्यांत चालणार नाहीं, हें जेसी ग्रँट यांनीं ओळखलें असावें. वेस्ट पॉइंटास शिक्षणाची फी पडत नसे, उलट विद्यार्थ्यास वेतन मिळे, आणि तेथील स्थापत्यविद्येचें शिक्षण देशांत नांवाजलेलें होतें. परंतु तेथें प्रवेश मिळणें सोपें नव्हतें. प्रतिनिधिगृहांतील सभासदानें आपल्या मतदारसंघांतील एका मुलाचें नांव सुचवावें, युद्धखात्याच्या मंत्र्यानें नेमणूकपत्र द्यावें, आणि मग मुलानें तेथें जाऊन प्रवेशपरीक्षा उतरावी, असा त्या काळचा परिपाठ होता. एका मतदारसंघाचा एका वेळीं एकच विद्यार्थी. त्यामुळें त्याची जागा मोकळी होईपर्यंत इतरांनीं वाट पाहत बसावें.

जॉर्जटाउनच्या वांट्याची जागा मोकळी झाली ती एका दुःखद कारणानें. शेजारच्या डॉक्टरांचा मुलगा वेस्ट पॉइंटास गेला होता, तो परीक्षेंत टिकला नाहीं. डॉक्टर मानी गृहस्थ होते. त्यांस मुलाचें अपयश इतकें लागलें कीं, त्यांनीं त्याला घरीं येण्याची बंदी केली आणि ही वार्ता गांवांत फुटूं दिली नाहीं. ग्रँटच्या घरीं ती कळली, आणि जेसींनीं लगोलग अर्ज केला. वेस्ट पॉइंटाहून घालवून दिलेल्या मुलाला घराचें दारहि बंद होतें, हें युलिसिसनें पाहिलें होतें; तेव्हां जाण्याविषयीं त्याला जी भीति वाटे ती उगीच नव्हती. परीक्षेंत आपण नापास होऊं, आणि तें आपल्याच्यानें सोसवणार नाहीं, हीच त्याची खरी धास्ती होती.

वडिलांची अडचण निराळीच होती. त्यांनीं आधीं ओहायोचे सेनेटर मॉरिस यांस लिहिलें होतें. नाताळांत आलेलें पत्र त्यांचेंच. नांव सुचविण्याचा अधिकार प्रतिनिधि टॉमस हेमर यांचा आहे, असें त्यांनीं कळविलें. हेमर आणि जेसी एके काळचे जिवलग मित्र. पण राजकारणावरून त्यांचें बिनसलें होतें आणि दोघांचें बोलणें बंद होतें. मुलासाठीं बापानें आपला ताठा गिळला. १९ फेब्रुवारी १८३९ रोजीं त्यांनीं हेमर यांस थोडक्या शब्दांत पत्र लिहिलें. हेमर यांची मुदत ३ मार्चला संपावयाची होती. पत्र हातीं पडलें तेव्हां निरोपाची घाई चालली होती. तरी जुना राग मनांत न ठेवतां त्यांनीं मुलाचें नांव युद्धखात्याकडे धाडलें. मात्र पूर्ण नांव आठवेना. मुलाला सगळे युलिसिस म्हणतात एवढें ठाऊक होतें. मधलें नांव आईच्या माहेरचें, सिम्प्सन, असावें अशा समजुतीनें त्यांनीं युलिसिस एस. ग्रँट असें लिहून दिलें. भांडण मिटलें, पण मुलाचें नांव बदललें!

मे महिन्यांत युलिसिस निघाला. जातांना पेटीवर आद्याक्षरें ठोकावयाचीं होतीं. हायरम युलिसिस ग्रँट या क्रमानें तीं लाविलीं तर इंग्रजींत मिठी मारणें असा अर्थाचा शब्द होतो. मुलें हंसतील म्हणून त्यानें नांवांची अदलाबदल केली अशी आठवण आहे. ओहायो नदींतून आगबोटीनें, पुढें कालव्यांतून आणि नंतर आगगाडीनें असा तो प्रवास होता. आगगाडींत तो प्रथमच बसला. मोठीं शहरें पाहण्याची त्याला हौस होती. फिलाडेल्फियांत त्यानें पांच दिवस काढले. वाटेंत बोटीस किंवा गाडीस एखादा अपघात व्हावा आणि आपणांस कांहीं काळ प्रवेशास अपात्र ठरविणारी दुखापत व्हावी, असें आपल्या मनांत येत होतें, हें त्यानें म्हातारपणीं आत्मचरित्रांत मोकळ्या मनानें लिहून ठेविलें आहे. तसें कांहीं झालें नाहीं. मेअखेरीस तो सुखरूप पोंचला.

कचेरींत त्यानें आपलें नांव सांगितलें, तेव्हां त्या नांवाचा विद्यार्थी यादींत नाहीं असें उत्तर मिळालें. यादींत यु. एस. ग्रँट होता. दुरुस्ती वॉशिंग्टनहूनच व्हावयास हवी होती. त्यानें हुज्जत घातली नाहीं. त्या दोन अक्षरांचा अंकल सॅम असा विस्तार वरच्या वर्गांतल्या मुलांनीं केला आणि तो सर्वांचा सॅम झाला. त्या वेळीं त्याची उंची ५ फूट १ इंच आणि वजन ११७ पौंड होतें. ज्या प्रवेशपरीक्षेची त्यानें एवढी धास्ती घेतली होती ती तो सहज उतरला.

याच ठिकाणीं या कथेंतील सर्वांत गमतीची गोष्ट येते. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत वेस्ट पॉइंटचें विद्यालयच बंद करावें असा ठराव काँग्रेसपुढें आला. देशांत जागजागीं मुलें प्रवेशाच्या पत्राची वाट पाहत होतीं, आणि हा आंत आलेला मुलगा रोज वर्तमानपत्र उघडून विद्यालय बंद झाल्याची बातमी शोधीत होता! चर्चा लांबली कीं त्याचा जीव कासावीस होई. ठराव काहीं मंजूर झाला नाहीं. आणखी एका वर्षानें तो मंजूर झाला असता तर आपणांस वाईटच वाटलें असतें, अशी कबुली त्यानें पुढें दिली आहे. मन कसें वळलें, केव्हां वळलें, हें त्यानें सांगितलें नाहीं. तें त्यालाहि कळलें नसेल.

अभ्यासांत तो मध्यम होता. गणित त्याला सोपें जाई, पण ग्रंथालयांतील कादंबऱ्या त्याला अधिक प्रिय होत्या. १८४३ सालीं ३९ जणांत त्याचा नंबर २१ वा आला. घोडदौडींत मात्र त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. यॉर्क नांवाच्या दांडग्या घोड्यावरून त्यानें मारलेली उडी विद्यालयांत पुष्कळ दिवस सांगितली जात असे. अशा स्वाराला सरकारनें नेमलें तें पायदळांत.

मेक्सिकोच्या युद्धांत १८४६ सालीं त्याला एक जुने परिचित भेटले. ते टॉमस हेमरच. स्वयंसेवकांच्या फौजेचे सेनानी होऊन आले होते. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत माँटेरे येथें आजारानें त्यांचा अंत झाला. हेमर जगते तर देशाचे अध्यक्ष झाले असते आणि त्यांनीं आपणांस लष्कराच्या पगारखात्यांत एखादी सुखाची जागा दिली असती, असें ग्रँटला पुढें वाटे. म्हणजे मग यादवी युद्धाच्या वेळीं तो हिशेबाच्या वह्या सांभाळीत बसला असता.

१८५४ सालीं त्यानें लष्कर सोडलें. दूरच्या छावणींत बायकामुलांवांचून त्याला करमत नव्हतें, आणि दारूचाहि आरोप त्याच्यावर होता. पुढचीं सहा वर्षें फार हालाचीं गेलीं. शेती बुडाली. सेंट लुईच्या रस्त्यांत त्यानें जळाऊ लांकडें विकलीं. १८५९ सालीं तेथील काउंटी इंजिनियरच्या जागेसाठीं त्यानें अर्ज केला, प्रतिष्ठित लोकांच्या शिफारशी जोडल्या आणि निकालाची वाट पाहत राहिला. पांच सभासदांपैकीं दोघांचींच मतें त्याला मिळालीं. वेस्ट पॉइंटच्या पदवीधराला ही जागा नाकारण्यांत आली, आणि अखेरीस ३८ वर्षांचा ग्रँट ज्या कातड्यांच्या वासाला लहानपणीं कंटाळला होता त्याच धंद्यांत, वडिलांच्या गलीना येथील दुकानांत, नोकरीस राहिला.

१८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. शिकलेल्या सैनिकांची देशाला निकड होती. ग्रँटनें २४ मे रोजीं वॉशिंग्टनला पत्र लिहून आपली सेवा देऊं केली. उत्तर आलें नाहीं. तें पत्र कित्येक वर्षांनीं जुन्या कागदपत्रांत पडलेलें सांपडलें. सिनसिनाटी येथें जनरल मॅक्‌क्लेलन याची भेट घ्यावी म्हणून तो लागोपाठ दोन दिवस त्याच्या कचेरींत जाऊन बसला. भेट झाली नाहीं. मग इलिनॉयच्या गव्हर्नरानें एका बेशिस्त पलटणीचें कर्नलपद त्याला दिलें, आणि थोड्याच आठवड्यांनीं आपण ब्रिगेडियर जनरल झालों आहोंत हें त्याला वर्तमानपत्रांतून कळलें. गलीनाच्या मतदारसंघाचे प्रतिनिधि वॉशबर्न यांनीं त्याचें नांव पुढें केलें होतें. यासाठींहि त्यानें अर्ज केला नव्हता.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. ४ जुलै १८६३ रोजीं व्हिक्सबर्ग पडलें; १८६४ च्या मार्चांत सर्व सैन्याची सूत्रें त्याच्या हातीं आलीं; ९ एप्रिल १८६५ रोजीं ॲपोमॅटॉक्स येथें जनरल ली शरण आला. लीहि वेस्ट पॉइंटचाच, १८२९ सालचा. शरण आलेल्या शिपायांनीं आपले घोडे घरीं न्यावे, वसंतांतील नांगरणीस लागतील, अशी ग्रँटनें दिलेली मुभा वाचतांना त्या पंचवीस डॉलरच्या शिंगराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्याच्या चुकाहि झांकूं नयेत. १८६२ च्या डिसेंबरांत आपल्या हद्दींतील यहुदी लोकांस हांकलून देण्याचा अन्यायी हुकूम त्यानें काढला. तो लिंकननें रद्द केला. १८६९ ते १८७७ या काळांत अध्यक्ष असतां गुलामगिरींतून सुटलेल्यांच्या हक्कांसाठीं तो झटला, पण जवळच्या माणसांवर त्यानें नको तेवढा विश्वास टाकला आणि त्यांच्या लबाडीचा डाग त्याच्या कारकीर्दीस लागला. नंतर जगप्रवासांत, १८७९ च्या फेब्रुवारींत, तो आपल्या मुंबईसहि आला होता आणि मलबार पॉइंट येथें उतरला होता.

१८८४ सालीं भागीदाराच्या फसवणुकीनें त्याचें सर्वस्व गेलें. त्याच वर्षीं त्याला घशाचा कर्करोग झाला. बायकोमुलांस कांहीं ठेवावें म्हणून त्यानें वेदनांतच आत्मचरित्र लिहावयास घेतलें. शेवटीं वाचा गेली, तेव्हां कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून तो बोले. पुस्तक पुरें झालें आणि २३ जुलै १८८५ रोजीं, माउंट मॅक्‌ग्रेगर येथें, त्यानें देह ठेविला. त्या पुस्तकानें कुटुंबास चार लाखांवर डॉलर मिळवून दिले.

त्या शेवटच्या वर्षांत त्यानें आणखी एक छोटेंसें पत्र लिहिलें होतें. तें संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षास उद्देशून होतें. परंतु कोणत्या अध्यक्षास, हें तेव्हां कोणालाच सांगतां आलें नसतें, कारण पत्र देण्याची वेळ येण्यास अजून पुष्कळ वर्षें होतीं. आपला नातू, थोरला मुलगा फ्रेडरिक याचा पुत्र, अर्ज करील तेव्हां त्याला वेस्ट पॉइंटास जागा द्यावी, एवढीच त्यांत विनंति होती. नातू त्या वेळीं जेमतेम चार वर्षांचा होता. त्याला अर्थात् कोणी विचारलें नव्हतें. तेरा वर्षें तें पत्र घरांत राहिलें. १८९८ सालीं अध्यक्ष मॅकिन्ली यांनीं त्यास मान दिला, आणि १९०३ सालीं तो नातू वेस्ट पॉइंटहून पदवीधर होऊन बाहेर पडला. त्याचें नांव युलिसिस एस. ग्रँट असेंच होतें, आणि या वेळीं त्यांत कांहीं चूक नव्हती.